घरासाठी नॅस घेताना: भुसावळचं ऊन, जाणारी लाईट आणि धुळ्याला ठेवलेली डिस्क

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी फोन करून एकच विचारलं, की घरासाठी नॅस (म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोटो, फाईली एका जागी ठेवणारा डबा) घ्यायचाय, कोणता घेऊ, आणि तिघांनाही मी अर्धा अर्धा तास तेच ते सांगितलं, म्हणून म्हटलं आता एकदाचं लिहूनच काढतो.

पण आधी मी या भानगडीत का पडलो ते सांगतो. आमच्या घरी एक टीबीची यूएसबीवाली छोटी हार्ड डिस्क होती आणि घरातलं सगळं तिच्यातच. लग्नाचे फोटो, मुलीचे पहिल्या दोन वर्षांचे व्हिडिओ, अण्णा रेल्वेतून रिटायर झाले त्या दिवसाचा कार्यक्रम, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजीचा आवाज. आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं. आजीला कानबाईची (खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी) आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी इतकी पाठ की कानबाईच्या रात्री जागरणाला तिने सुरू केलं की गल्लीतल्या बाया हातातलं काम सोडून तिच्यामागे म्हणायला बसायच्या. मी सलग दोन श्रावण गावाला बसून तिची गाणी फोनवर रेकॉर्ड केली, बेचाळीस फाईली, आकडा मला अजून पाठ आहे. फोन तिच्यासमोर ठेवला की दर वेळी विचारायची, "हाई डबामा काय शे?" आणि मी सांगायचो की आजी, तुझा आवाज याच्यात जातो. पुढे फोन भरला म्हणून मी त्या सगळ्या फाईली डिस्कवर टाकल्या आणि फोनमधून काढून टाकल्या.

मे महिन्यात एका संध्याकाळी लाईट गेली, अंधारात कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि चालू असलेली डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. परत लावली तर नुसतं टक टक टक. चालू डिस्कमध्ये वाचणारी सुई, म्हणजे हेड, फिरणाऱ्या चकतीच्या इतकी जवळ तरंगत असते की मधे धुळीचा कणसुद्धा मावत नाही, त्यामुळे पडल्यावर ते हेड चकतीवर आपटतं आणि ओरखडे काढत जातं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, मी ती अजून चार-पाच वेळा चालू करून पाहिली आणि प्रत्येक वेळी ओरखडे वाढत गेले असणार. पुण्याला एका रिकव्हरीवाल्याकडे पाठवली, त्याने पंधरा दिवसांनी सांगितलं की चकतीवर चरे आहेत, काही निघणार नाही. आजी त्याच्या आधीच्या दिवाळीत गेली होती. बेचाळीसपैकी तीन गाणी आज आहेत, तीही कधीतरी मी फुईला (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात) व्हॉट्सॅपवर पाठवली होती आणि तिने ती पुसली नाहीत म्हणून.

त्यामुळे आता मला कोणी विचारलं की नॅस कोणता घेऊ, तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो की दुसरी कॉपी कुठे ठेवणार, आणि ती घराच्या बाहेर आहे का. त्याचं उत्तर ठरलं की मग डबा कोणता ते सोपं आहे. उत्तर नसेल तर लाखाचा डबा घेतला तरी माझ्या त्या डिस्कमध्ये आणि त्या डब्यात फार फरक नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॅस म्हणजे हार्ड डिस्क बसवलेला छोटा कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, राउटरला वायरने जोडायचा आणि मग घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही वायफायवरून त्याच्यात टाकू शकतात आणि त्यातलं बघू शकतात. गुगल फोटोजवर फुकट अमर्याद ठेवायची सोय १ जून २०२१ ला बंद झाली, आता १५ जीबी फुकट आणि त्यातच मेल, त्यातच ड्राईव्ह. आमच्या घरात चार फोन, ते १५ जीबी एका लग्नसराईत संपतात. क्लाउडला माझा विरोध नाही, ज्याच्याकडे शे-दोनशे जीबीच आहे त्याने दर महिन्याला पैसे भरावे आणि निवांत राहावं, त्याला नॅसची गरज नाही हे मी सरळ सांगतो. पण आमचं सगळं मिळून नऊशे जीबी भरलं आणि वर्षाला दीड-दोनशेने वाढून राहिलं, तिथे हिशोब बदलतो.

हा हिशोब खरंच कागदावर करा. मी आणि बायको एका रविवारी बसलो, सगळ्या फोनची, लॅपटॉपची, जुन्या पेनड्राईव्हची बेरीज केली. त्यात एक मजेशीर गोष्ट कळली की निम्मी जागा व्हॉट्सॅपवर आलेले सुप्रभात आणि तेच तेच व्हिडिओ खाऊन बसलेले. ते काढल्यावर नऊशे. त्याला वर्षाला दोनशे धरून पाच-सहा वर्षं पुढे नेलं तर दोन टीबीच्या थोडं वर जातं. म्हणून चार टीबीच्या दोन डिस्क. दुकानात विचारलं तर चार खणांचा, म्हणजे चार डिस्क मावतील असा, डबा घ्या, पुढे लागेल असंच म्हणतात, पण माझं मत असं की साध्या घराला दोन खण पुरतात आणि उरलेले पैसे यूपीएस आणि बाहेरच्या डिस्कसाठी ठेवा. हो, चार टीबीची डिस्क लावल्यावर कॉम्प्युटरवर ३.६ च दिसते, घाबरू नका, कोणी फसवलेलं नाही. बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने.

घेण्याआधी मी बाकीचे मार्गही बघितले. पहिला विचार आला तो राउटरच्या मागच्या यूएसबीला डिस्क लावून द्यायचा, फुकटात काम. चालतं, पण रडत चालतं, आणि फोटो आपोआप चढायची सोय नाही. दुसरा विचार जुना डेस्कटॉप पडला होता त्याच्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट (साध्या कॉम्प्युटरचा नॅस करणारी सॉफ्टवेअर) टाकायचा, दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही चांगले आहेत, मी ओपनमीडियाव्हॉल्ट महिनाभर चालवलाही. ज्याला हौस आहे, ज्याला रात्री अकराला कमांड टाइप करायला आवडतं त्याने हेच करावं. पण मी प्रवासात असताना काही बंद पडलं तर घरात ते चालू करणारं कोणी नाही, शिवाय जुना डेस्कटॉप रिकामा बसला तरी साठ-सत्तर वॅट खातो. दोन डिस्कचा नॅस पंधरा-सतरा वॅटमध्ये चालतो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला बारा युनिटच्या आसपास. चोवीस तास चालणाऱ्या वस्तूत हा फरक वर्षभरात चांगला दिसतो.

शेवटी सिनॉलॉजीचा डीएस २२३ घेतला. दोन खण, २ जीबी रॅम, एक गिगाबिट पोर्ट, पुढच्या बाजूला एक यूएसबी. क्यूनॅप, असुस्टोर, टेरामास्टर सगळे बघितले, त्याच पैशात काहींचं हार्डवेअर जास्त तगडं मिळतं हे मान्य. पण मला तगडं हार्डवेअर नको होतं, मला असं अॅप हवं होतं जे आईच्या फोनमध्ये एकदा टाकून दिलं की तिला परत काही दाबावं लागू नये. एवढ्या एकाच गोष्टीवर मी निर्णय घेतला. ज्याला टीव्हीवर सिनेमे चालवायचेत, व्हिडिओ बदलून हव्या त्या साईझमध्ये बघायचेत, किंवा इमिचसारखं दुसरं फोटोचं सॉफ्टवेअर टाकायचंय, त्याने हा घेऊ नये, २ जीबी रॅम त्याला पुरत नाही आणि ती वाढवताही येत नाही. त्याने इंटेलवाला डीएस २२४ प्लस किंवा दुसऱ्या कंपनीचा तसा डबा बघावा.

अजून एक, कंपनीच्या सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विसंबू नका. सिनॉलॉजीनेच २०२४ मध्ये डीएसएमच्या (डब्यातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) ७.२.२ आवृत्तीत व्हिडिओ स्टेशन हे सिनेमे बघायचं अॅप काढून टाकलं, ज्यांनी त्यासाठी डबा घेतला होता ते बसले हात चोळत. २०२५ च्या प्लस मॉडेलमध्ये तर फक्त त्यांच्याच यादीतल्या डिस्क चालतील असा नियम आणला, लोकांनी इतकी ओरड केली की त्याच वर्षी ऑक्टोबरात ७.३ आवृत्तीसोबत तो मागे घ्यावा लागला. म्हणून माझा नियम असा की फोटो साध्या फोल्डरमध्ये, साध्या फाईली म्हणूनच ठेवायचे. उद्या कंपनीने काहीही केलं तरी ते फोल्डर उचलून दुसरीकडे नेता आले पाहिजेत.

आता डिस्क. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण डबा घ्यायला महिना लावतात आणि डिस्क मात्र जी स्वस्त दिसेल ती. खरं तर दोन डिस्कचे पैसे जवळपास डब्याएवढेच होतात आणि तुमचा सगळा ऐवज त्यांच्यावरच आहे, डबा काय, उद्या दुसरा आणता येईल. डिस्कमध्ये लिहायच्या दोन पद्धती असतात, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये ओळी शेजारी शेजारी, मधे जागा सोडून. एसएमआरमध्ये ओळी एकमेकींवर थोड्या चढवलेल्या, अगदी कौलारू घरावर कौलं चढवतात तशा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलून परत लावावी लागतात, तसंच इथे, एक छोटी जागा बदलायला शेजारचा सगळा पट्टा परत लिहावा लागतो. साध्या वापरात कळत नाही. पण नॅसमध्ये एक डिस्क गेली आणि नवीन लावून सगळं परत भरायची वेळ आली की एसएमआर डिस्क इतकी मंद होते की कधी कधी डबाच तिला बिघडलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये यावरून मोठा गोंधळ झाला होता, वेस्टर्न डिजिटलच्या रेड नावाच्या, नॅससाठी म्हणूनच विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क आतून एसएमआर निघाल्या आणि तसं आधी कुठे सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. तेव्हा रेड घ्यायची तर प्लस बघून घ्या. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहे, मी तीच घेतली.

दोन्ही डिस्क मी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतल्या, एक ऑनलाईन, एक जळगावच्या दुकानातून. एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेल्या दोन डिस्क एकत्र म्हाताऱ्या होतात आणि एकत्र जाऊ शकतात. ऑनलाईनवाली आली ती नुसत्या पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत ना फोम ना काही, हलवलं की आतून खडखड. ती मी तशीच परत पाठवली आणि दुसरी मागवली, ती नीट आली. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि डिस्क लावल्या लावल्या सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी दिसते का बघा, कारण दुसऱ्या देशात विकायला बनवलेला माल इकडे येतो आणि मग वॉरंटीला कोणी विचारत नाही.

डब्यात दोन डिस्क लावल्या की विचारतो रेड कसा हवा (हा रेड वेगळा, वरच्या डिस्कच्या नावाशी त्याचा संबंध नाही). दोन डिस्कला रेड १, म्हणजे दोन्हीवर तेच. एक गेली तरी दुसरीवर सगळं आहे, नवीन आणून लावली की परत जोडी. चांगलीच सोय आहे, घ्याच. पण याला बॅकअप म्हणू नका, मी हे प्रत्येकाला दोनदा सांगतो. ही आरशासारखी गोष्ट आहे, तुम्ही कपाळावरची टिकली काढली तर आरशातली राहते का? फोल्डर चुकून पुसला तर त्याच क्षणी दोन्हीवरून पुसला. व्हायरसने कुलूप लावलं तर दोन्हीला. चोरी झाली, आग लागली, वीज पडली तर डबा सगळाच गेला. रेड फक्त एवढ्यासाठी की एक डिस्क मेली तर घरातलं काम थांबू नये. पुसलेलं परत मिळवायला स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळी फाईली जशा होत्या तशी नोंद, लागतात, त्यासाठी डिस्क बीटीआरएफएस पद्धतीने तयार करावी लागते, डीएस २२३ मध्ये ते होतं. मी रोज रात्री एक स्नॅपशॉट आणि तीस दिवसांचे ठेवतो. मुलीने दिवाळीत एक अख्खा फोल्डर ओढून कचऱ्यात टाकला होता, दोन मिनिटांत आदल्या रात्रीचा परत आणला.

आता आपल्याकडची गोष्ट, जी इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. ऊन. या डब्याच्या कागदावर लिहिलंय की ० ते ४० अंशात चालवा. भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५-४६ होतं, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालच्या खोलीत दुपारी चारला भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मी आधी नॅस माळ्यावर ठेवला होता, नजरेआड, वायरी लपलेल्या, छान वाटत होतं. एप्रिलच्या शेवटी सहज बघितलं तर डिस्कचं तापमान ५४. डिस्कच्या कागदावर साठ-पासष्टपर्यंत चालेल असं लिहितात, पण रोज तिथवर नेणं म्हणजे तिचं आयुष्य जाळणं. त्याच दिवशी उतरवला आणि तळमजल्यावर, मधल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर लाकडी फळीवर ठेवला. त्याच आठवड्यात दुपारचं तापमान ४४-४५ वर आलं. फक्त जागा बदलली, एक रुपया लागला नाही. आत पंखा असतो, त्याचा वेग सेटिंगमध्ये शांतवरून थंडवर करा, थोडा आवाज येतो, येऊ द्या. कपाटात दार लावून कोंडू नका. दर महिन्याला ब्रशने मागची जाळी साफ करा, आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात किती बारीक होऊन घरात येते ते काय सांगायचं.

आणि कूलर! डबा गरम होतो म्हणून कोणी कूलरसमोर ठेवू नका. कूलरची हवा थंड असते पण ओली असते, त्यात आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो त्याच पाण्याचे शिंतोडे झोतासोबत येतात. आमच्या शेजारच्या घरी टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स असाच गेला, उघडला तर आतले सोल्डरचे सगळे टाके हिरवे झालेले. कूलर त्याच खोलीत असला तरी एक वेळ चालेल, झोतात नको.

लाईटचं तर तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात डीपी जळाली की चार चार तास, आणि पहिल्या पावसाच्या वाऱ्यात तर दहा मिनिटांत पाच वेळा जाते-येते. नॅसला एकदम लाईट जाणं अजिबात चालत नाही, लिहिता लिहिता बंद पडला तर फाईल नाही, अख्खी व्यवस्थाच बिघडू शकते. घरी इन्व्हर्टर आहे तर मग यूपीएस कशाला असं अण्णा म्हणाले, आणि प्रश्न बरोबर होता. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे एक बटण असतं, यूपीएस आणि इको असं. इकोवर असेल तर बदलायला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर बंद पडतो. यूपीएसवर केलं तर टिकतो. पण खरी अडचण पुढे आहे, इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली हे नॅसला कोण सांगणार? म्हणून छोटा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या आणि त्याला मागे यूएसबी पोर्ट आहे ना ते बघूनच घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसला तो नसतो. ती वायर नॅसला लावली की यूपीएस त्याला सांगतो लाईट गेली, आणि ठरवलेल्या वेळाने नॅस स्वतःच सगळं आवरून नीट बंद होतो. मी दहा मिनिटं ठेवलीत. एका रविवारी सकाळी मुद्दाम मेन स्विच पाडून तपासलं, तुम्हीही तपासा, अंदाजावर सोडू नका.

वायरीकडे लोक बघतच नाहीत. नॅसचं पोर्ट गिगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण ११० एमबी. पण फायबरवाल्याने लावलेल्या राउटरचे पोर्ट कधी कधी १०० एमबीपीएसचेच असतात, मग तुम्हाला ११ एमबी मिळतात. माझे नऊशे जीबी पहिल्या वेगाने सव्वादोन तासांत गेले असते, दुसऱ्या वेगाने जवळजवळ पूर्ण दिवस. मला हेच झालं, पहिल्या रात्री वेग बघून वाटलं डबा खराब आला, मग कळलं की राउटर जुना आणि वायरही घरातलीच कुठलीतरी, चार तारांची. एक छोटा गिगाबिट स्विच आणि दोन कॅट ६ वायरी आणल्या आणि प्रश्न मिटला. लाखो छोट्या फोटोंना तरी वेळ लागतोच, तो लागू द्या.

घराबाहेरून नॅस उघडायचा असेल तर एक विनंती आहे, राउटरमध्ये पोर्ट उघडून तो सरळ इंटरनेटवर ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या व्हायरसने असे उघड्यावरचे हजारो क्यूनॅप डबे कुलूपबंद केले आणि बिटकॉइनमध्ये पैसे मागितले, पुढच्याच महिन्यात असुस्टोरवाल्यांवर तीच वेळ आली. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच फायबर कनेक्शनला इंटरनेटवरचा स्वतःचा वेगळा पत्ता मिळतच नाही, अनेक घरांत मिळून एकच असतो, म्हणून ते पोर्टचं काम जमतही नाही. टेलस्केल टाका, हे आपलीच उपकरणं इंटरनेटवरून एकमेकांना गुपचूप जोडणारं अॅप आहे, नॅसवर आणि आपल्या फोनवर, एकाच खात्याने. पोर्ट उघडावा लागत नाही आणि घरगुती वापराला फुकट आहे. आणि अॅडमिन नावाचं मूळ खातं बंद करून स्वतःचं वेगळं बनवा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. यात अर्धा तास जातो, पण तो द्या.

फोनचं एवढंच सांगतो की अॅप टाकून विसरू नका. आईच्या फोनमध्ये टाकलं, पहिल्या दिवशी सगळे फोटो चढले, मी खूश. दोन महिन्यांनी बघतो तर त्यानंतरचा एकही नाही, फोनच्या बॅटरी सेव्हरने अॅपला झोपवून ठेवलं होतं. त्या अॅपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा, आणि तरीही महिन्यातून एकदा बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरची कॉपी. जुना नियम आहे तीन-दोन-एक, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक घराबाहेर. घराबाहेरची कॉपी क्लाउडवर ठेवता येते, पण नऊशे जीबी वर चढवायचे आणि दर महिन्याचं भाडं, मला ते जमेना. मग ताई म्हणाली, अरे मी येतेच की. ताई धुळ्याला असते, इथून शे-सव्वाशे किलोमीटर. आखाजीला माहेरी येते, कानबाईला आम्ही सगळे गावाला जमतो, दिवाळीला परत येते, आणि मधे कधीतरी एखादं लग्न असतंच. म्हणजे वर्षातून चार वेळा नक्की. म्हणून दोन टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या, एक माझ्याकडे नॅसला लावलेली, आठवड्याला आपोआप कॉपी होते, दुसरी ताईच्या कपाटात. ताई आली की तिची इथे राहते आणि इथली तिच्याबरोबर जाते. दोन्हीवर मार्करने तारीख. त्यामुळे सगळ्यात वाईट झालं, आमचं घरच काही झालं, तरी तीन-चार महिन्यांपूर्वीपर्यंतचं सगळं धुळ्याला आहे.

ती डिस्क मी दोन भागांत ठेवतो. फोटो, व्हिडिओ, गाणी हे साध्या फाईलींसारखे, म्हणजे ताईने तिच्या लॅपटॉपला लावली की सरळ दिसतं, नॅस असो नसो. आणि कागदपत्रं, म्हणजे शेताचे उतारे, आधार, बँकेचं, ते हायपर बॅकअप या सिनॉलॉजीच्याच बॅकअपच्या अॅपमधून पासवर्ड लावून, कारण डिस्क एसटीत राहून गेली तर ते कोणाच्या हाती पडायला नको. तो पासवर्ड कागदावर लिहून अण्णांच्या कपाटात, शेताच्या कागदांसोबत ठेवलाय. तो फक्त माझ्या डोक्यात असून उपयोग नाही, उद्या मला काही झालं तर घरचे काय करतील. मागच्या दिवाळीला ताईकडच्या डिस्कवरून मी एक वर्षाचे फोटो परत आणून बघितले, सगळे उघडले. हे करून बघितल्याशिवाय बॅकअप आहे असं मी आता म्हणतच नाही.

यंदा कानबाईला गावाला गेलो तेव्हा फुईला म्हटलं, तुला आजीची जेवढी आठवतात तेवढी म्हण. आधी नाही नाही म्हणाली, आवाज राहिला नाही म्हणाली, मग रोट (कानबाईचा नैवेद्य) झाले, जेवणं झाली, रात्री जागरणाला बसलो आणि तिने सुरू केलं. एक आठवलं की त्यातून दुसरं. मधे दोन-तीन ओळी अडल्या की दुसऱ्या काकू सांगायच्या. पहाटेपर्यंत सतरा गाणी झाली. त्यातली सहा त्या हरवलेल्या बेचाळीसमधली होती, मला ऐकल्याबरोबर कळलं. फोन उचलला तर फुई म्हणाली, "आते कोठे ठेवशी रे?"

मी तिला सांगितलं की एक भुसावळला, एक ताईकडे, आणि एक तुझ्या फोनमध्ये. तिथे गावात रेंज धड नाही, तरी टेलस्केलवरून एकेक करून सतराही फाईली सकाळपर्यंत घरच्या नॅसवर चढल्या, आणि खात्री म्हणून मी त्या ताईच्या लॅपटॉपवरही टाकून दिल्या. विसर्जन झाल्यावर ताई धुळ्याच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या पिशवीत रोटाचा डबा होता आणि त्याच्याखाली, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, मी भुसावळहून आणलेली डिस्क.